झटका मशीन, पोळ्याची अमावस्या आणि ४८ पानं : व्हॅम्पायर मारणाऱ्या विदर्भातल्या पोरीची ग्राफिक कादंबरी कशी करायची

व्हॅम्पायरची गोष्ट म्हणजे रात्रीची गोष्ट, आणि कागदावर रात्र म्हणजे काळी शाई. ग्राफिक कादंबरी करायला बसणारे बहुतेक जण नायिकेच्या चेहऱ्यापासून सुरू करतात. मग हत्यार येतं, मग जॅकेट. काळ्याचा विचार थेट छापखान्यात होतो, पंधराव्या पानाचा अंधार सोळाव्या पानावरच्या गालातून दिसायला लागला की. या लेखातला क्रम उलटा आहे. गोष्टीत रात्र का आहे ते आधी ठरवायचं, ती नेमक्या कोणत्या पानांवर येणार ते मग, आणि पेन्सिल सगळ्यात शेवटी हातात घ्यायची.

उदाहरण म्हणून एकच पुस्तक धरू. साल २०७१, वर्धा जिल्हा, हिंगणघाटच्या बाजूचं एक गाव. नायिका उजी, वय १९, वीज कंपनीची कंत्राटी लाइनमन. ए-फाइव्ह आकार, आतली पानं ४८, छपाई काळी आणि फक्त १६ पानांवर लाल.

रात्रीचं कारण

भविष्य दाखवायचं म्हणून उडत्या गाड्या आणि काचेचे मनोरे काढायची गरज नाही. आज जे आहे तेच थोडं पुढे ढकलायचं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा आजच ४६-४७ अंशांवर जातो. कृषिपंपाची थ्री-फेज लाइन आजही अनेक फिडरवर आळीपाळीने रात्री येते, आणि ओलितासाठी माणसं मध्यरात्री वावरात उतरतात. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) यांच्यापायी वावरात रात्रीची जागल आहेच. २०७१ मध्ये एवढंच करा, की दिवसा घराबाहेर पडणं अशक्य झालंय आणि सगळं गाव रात्रपाळीवर गेलंय. शाळा रात्री, बाजार रात्री, कापसाची वेचणीही रात्री.

एवढ्याने कथानकाचा निम्मा भार उतरतो. व्हॅम्पायरच्या गोष्टीत एक प्रश्न नेहमी लटकत राहतो, की एवढा धोका असताना ही माणसं रात्री बाहेर का पडतात? इथे त्याचं उत्तर उन्हाने दिलेलं आहे.

व्हॅम्पायर आणि त्याचे नियम

आपल्याकडे वेताळ, हडळ, मुंजा, झोटिंग आहेत. पण रक्त पिऊन जगणारा, थडग्यातून उठणारा व्हॅम्पायर युरोपचा. त्याला ओढूनताणून इथला करू नका. तो इथे आला कसा, ते सांगा. त्याला इतिहासात सोयीची जागा आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धाने इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला, इथल्या कापसाला भाव चढला, आणि १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. हिंगणघाटचा कापूस तेव्हा व्यापारात नावाजलेला होता. त्या वर्षी गोरा दलाल कापूस घ्यायला उतरला आणि परत गेलाच नाही, एवढी पार्श्वभूमी एका पानात बसते. त्याला मालगुजाराच्या (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या) वाड्यात ठेवायचं असेल तर वर्धा, नागपूर, भंडारा, चंद्रपूर यांपैकीच जिल्हा घ्या. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा म्हणजे वऱ्हाड, तिथे रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. यवतमाळात मालगुजाराचा वाडा काढला तर तिथला वाचक दुसऱ्याच पानावर पुस्तक मिटेल.

आता त्याला काय चालतं आणि काय नाही, हे एका कागदावर लिहून भिंतीला लावा. चार-पाचपेक्षा जास्त नियम वाचकाच्या लक्षात राहत नाहीत. प्रत्येक नियम गावात लावून बघा. लसूण घ्या. घरोघरी ठेचा असतो, म्हणजे लसूण चालला तर गोष्ट दुसऱ्या पानावर संपली. काढून टाका. बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही, हा नियम मात्र सोनं आहे, कारण उन्हाळ्यात गाव अंगणात आणि गच्चीवर बाजा टाकून झोपतं. तिथे उंबरठाच नाही. सूर्यप्रकाशाने जळून मरणं ही कल्पना लोककथेतली नाही, १९२२ च्या एका जर्मन मूकपटाने ती रूढ केली. त्याआधीच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीतला व्हॅम्पायर दिवसाही फिरतो, फक्त त्याची ताकद उतरते. त्यामुळे तुमचा व्हॅम्पायर उन्हात मरतो की नुसता अशक्त होतो, हे ठरवायला तुम्ही मोकळे आहात. आमचं मत दुसऱ्याच्या बाजूने, कारण मग दिवसाची पानंही सुरक्षित राहत नाहीत.

युरोपी लोककथेतला एक नियम फारसा वापरला जात नाही. सांडलेले दाणे मोजल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. हिंगणघाटच्या बाजूला दाण्यांची काय कमी? सरकीचं पोतं फोडा. पांदण रस्त्यावर गुडघे टेकून सरकी मोजणारा कोट-टोपीतला गोरा, हे चित्र भयंकरही आहे आणि हसूही आणतं.

दोन ठिकाणी हात जपून चालवा. करणी आणि चेटूक यांच्या संशयावरून बायांना मारहाण झाल्याच्या घटना आपल्याकडे घडलेल्या आहेत, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्याच अनुभवातून आला. म्हणून गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी हीच रक्त पिणारी निघाली, हे वळण घेऊ नका. मांत्रिकाला सोडवणारा करू नका. दुसरं, रक्ताची गोष्ट विदर्भात सांगताना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आठवणारच. आणायचा तर नीट आणा. वाहक आणि ग्रस्त यांत फरक आहे. वाहकाला सहसा त्रास नसतो. ग्रस्ताला अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली किंवा फार दमणूक झाली की हाडं-सांधे असह्य दुखू लागतात. उजी ग्रस्त असेल तर तिच्या प्रत्येक पाठलागाला पाण्याच्या बाटलीची मर्यादा पडते, आणि ती मर्यादा कथेला उपयोगी आहे. तिचं रक्त व्हॅम्पायरला विषारी ठरतं, असलं काही करू नका. आजाराला वरदान म्हटलेलं ग्रस्तांच्या घरात कुणाला आवडत नाही.

उजी कशी दिसते

४५ अंशांत चामड्याचं अंगाला चिकटलेलं जॅकेट कोणी घालत नाही. वेचणीला जाणाऱ्या बाया साडीवर पुरुषी फुल शर्ट घालतात, डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळतात. तेच २०७१ मध्ये न्या: सैल फुल शर्ट, आत थंडाव्याचं बनियन, तोंडाला दुपट्टा, पायात रबरी तळव्याचे बूट. कंबरेच्या पट्ट्याला पक्कड, टेस्टर, हेडलॅम्प. हत्यार तिच्या धंद्यातूनच येऊ द्या. लाइन बंद केल्यावर तारेत उरलेला भार जमिनीत सोडायला वापरतात तो डिस्चार्ज रॉड लांब असतो, दिसायला भाल्यासारखा, आणि त्याच्या शेपटीला अर्थिंगची वायर असते. खुंटा हवा तर बाभळीचा. गावच्या सुताराकडे बंडीची लाकडं बाभळीची असतात, ती चिवट असते.

तिचा एक तक्ता बनवा: समोरून, बाजूने, मागून आणि तीन-चतुर्थांश वळून. उंची डोक्याच्या सात पट. मग तीच आकृती दोन सेंटिमीटर उंच काढून पूर्ण काळी भरा. गावातल्या इतर पोरींच्या काळ्या आकृत्यांत ती ओळखू आली पाहिजे, नाहीतर रात्रीच्या पानांवर ती हरवेल. रॉडचं टोक आणि दुपट्ट्याची गाठ एवढ्यावर ओळख पटते. रॉड कोणत्या खांद्यावर, कानातलं कोणत्या बाजूला हे तक्त्यावर लिहून ठेवा. वीस पानांनी हमखास उजव्याचं डावं होतं.

४८ पानांचा हिशेब

सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीवर पिन मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात. ४८ पानं म्हणजे सोळा-सोळाचे तीन फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं म्हणजे एक फॉर्म), आणि पिन मारताना ते एकात एक बसतात. बाहेरच्या फॉर्मवर पानं १ ते ८ आणि ४१ ते ४८, मधल्यावर ९ ते १६ आणि ३३ ते ४०, सगळ्यात आतल्यावर १७ ते ३२ सलग. दुसरा रंग हवा असेल तर तो फक्त आतल्या फॉर्मवर घ्या, म्हणजे एकाच फॉर्मला जादा प्लेट आणि जादा छपाई लागते. थोडक्यात, तुमच्या गोष्टीतलं रक्त १७ व्या पानाआधी सांडायचं नाही आणि ३२ व्या पानानंतर दिसायचं नाही. ही अडचण वाटते, पण कथानकाला याहून चांगला सांगाडा सहज मिळत नाही. छापखान्याची मशीन कोणत्या मापाची आहे आणि फॉर्म खरंच सोळाचा आहे का, हे पटकथेच्या आधी विचारून घ्या. आठचा असेल तर पानं बदलतात.

मग १७ ते ३२ मध्ये काय? पोळ्याची रात्र. पोळा श्रावण अमावस्येला येतो, म्हणजे आभाळात चंद्र नाही, अंधाराला पूर्ण मुभा. गावाचे बैल सजलेले, माणसं दमून बाजेवर. दुसऱ्या दिवशी सकाळी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत वाईट ते सगळं शिवेबाहेर काढायचं. दलालाची अखेर त्या सकाळच्या पानांवर, ३३ ते ४० मध्ये, पुन्हा काळ्या-पांढऱ्यात. इथे एक चूक फार होते. पोळ्याच्या सुमारास पऱ्हाटी (कापसाचं झाड) गुडघ्या-कमरेएवढी असते, हिरवी, पात्या-फुलांवर. बोंडं फुटून वावर पांढरं दिसतं ते दिवाळीच्या आसपास. पोळ्याच्या रात्री पांढरा कापूस काढला तर विदर्भातला कुठलाही वाचक हसेल.

चित्रमय पुस्तकात पहिलं पान उजवीकडे येतं. म्हणजे विषम पान उजवं, आणि ते उलटलं की सम पान समोर येतं. दचकवायचं ते सम पानावर ठेवा. विषम पानावर ठेवलेलं भूत डावं पान वाचतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसून जातं.

ए-फाइव्हवर पानाला पाच चौकटी भरपूर झाल्या, मारामारीत तीन-चार. सगळी ४८ पानं आधी काडेपेटीएवढ्या चौकटींत काढा, एका पानाला वीस मिनिटं द्या. त्या छोट्या चित्रांत फक्त काळं आणि पांढरं भरा, चेहरे नकोत. मग सगळी एका भिंतीवर लावून लांबून बघा. सलग चार पानं सारखीच काळी दिसली तर मध्ये एक पान उजेडाचं आणा: कोठ्यातला बल्ब, चुलीसमोरची माय, दुपारचं पांढरंफटक वावर. अंधार अंधारासारखा वाटायला शेजारी ऊन लागतं. गंमत म्हणजे या पुस्तकात सगळ्यात भीतिदायक पान बहुधा दुपारचंच निघेल.

एक पान जवळून

पिकात जनावरं शिरू नयेत म्हणून कुंपणाला लावतात ती झटका मशीन गावात सगळ्यांना माहीत आहे. बारा व्होल्टची बॅटरी, कुंपणाची तार, आणि साधारण सेकंदाला एक झटका. त्यासोबत टक् असा आवाज येतो. हा आवाज पानावर घड्याळासारखा चालतो. पान १५, उजवं:

चौकट १, पूर्ण रुंदी. वावर, मचाण, दूर डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर). कोपऱ्यात लहान अक्षरांत: टक्.

चौकट २. मचाणावरून लोंबणारे उजीचे पाय. टक्. फुगा, उजी फोनवर: ‘माय, जेवली मी. तू झोप ना आता. कायची काळजी करून रायली?’

चौकट ३. झटका मशीन जवळून, हिरवा दिवा लागलेला. टक्.

चौकट ४. तीच चौकट, तोच कोन, दिवा लागलेला. आवाज नाही.

चौकट ५. उजीचा डोळा. आवाज नाही.

पान उलटलं की १६.

चौकट ३ आणि ४ अगदी सारख्या असायला हव्यात, म्हणून दुसरी हाताने परत काढू नका, पहिलीचीच प्रत डकवा. टक् पहिल्या तिन्ही चौकटींत एकाच जागी, उजव्या खालच्या कोपऱ्यात हवा. जागा बदलत राहिली तर आवाज गेल्याचं वाचकाच्या ध्यानात येत नाही. दिवा चालू ठेवायचा, कारण बॅटरी उतरली असा सोपा खुलासा वाचकाला मिळता कामा नये. तारेला कुणीतरी हात लावून उभा आहे आणि झटका त्याच्या अंगात जातोय. (कुंपणाला थेट २३० व्होल्ट जोडण्याचा प्रकार वेगळा. त्यात माणसं मरतात, आणि तो गुन्हा आहे. नायिकेच्या हातून तो दाखवू नका.)

रात्रीच्या चौकटीत उजेड एकाच ठिकाणाहून येऊ द्या, हेडलॅम्प किंवा डीपीचा दिवा किंवा फोन. दोन उजेड आले की सावल्या भांडतात आणि सगळं राखाडी दिसतं.

भाषा, फुगे, अक्षरं

उजी आणि गाव बोलीत बोलतील: मले, तुले, काहून, करून रायली, पोट्टी. क्रियापदं आणि हे मोजके शब्द पुरतात. डोळ्याला डोया आणि शाळेला शाया असं प्रत्येक उच्चाराबरहुकूम लिहायला गेलात तर पुण्याचाच काय, हिंगणघाटचाही वाचक अडखळतो. गोंदिया-गडचिरोलीकडची झाडीबोली वेगळी, ती यात मिसळू नका. दलालाने मराठी दोनशे वर्षांपूर्वी मुन्शीकडून शिकलेली आहे, तर तो छापील बोलेल: ‘आपण मला आत येण्याची अनुज्ञा द्याल का?’ बोलीच्या गराड्यात हे एक वाक्य दातांपेक्षा जास्त काम करतं, आणि उंबरठ्याचा नियमही परत सांगावा लागत नाही.

एका फुग्यात १२ ते १५ शब्द, एका चौकटीत तीसपेक्षा जास्त नको. छापील आकारात अक्षर ९ ते ९.५ पॉइंट ठेवा. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या १.३५ ते १.४ पट हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. शिरोरेषेमुळे ओळ सलग पट्टी दिसते, म्हणून गोल फुग्यापेक्षा आडवा, चपटा फुगा बरा. मुक्ता, बालू, कलम, तिल्लाना हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. निवडण्याआधी एवढं टाइप करून बघा: वऱ्हाड, पऱ्हाटी, दुसऱ्या, पोट्टी, खड्ड्यात, श्वास. ‘ऱ्ह’ तुटला किंवा ‘ट्ट’ खाली मोडक्या हलंतासह उभा राहिला तर तो फॉन्ट सोडा. फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात असेल तर दोष फॉन्टचा नसतो. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी पर्याय निवडावा लागतो. फुकटात काम करायचं तर चित्र क्रिटात आणि अक्षरं इंकस्केपमध्ये, ही जोडी चालते.

कागद, पेन आणि कूलर

ए-फोर कागदावर काठापर्यंत चित्र काढलं तर कटिंगसाठी जादा जागा उरत नाही. म्हणून ए-फोरवर १९० × २६९ मिलिमीटरची चौकट आखा, हे तुमचं पान. बाहेर चारही बाजूंना ४ मिलिमीटर चित्र वाढवा. आत ७ मिलिमीटरपर्यंत फुगा किंवा चेहरा येऊ देऊ नका. ७८ टक्क्यांवर आणलं की हे बरोबर ए-फाइव्ह होतं आणि बाहेर ३ मिलिमीटरची कटिंगची जागा मिळते. कागद १८०-२०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम, आकडा मोठा तितका कागद जाड) गुळगुळीत कार्ट्रिज घ्या. खरबरीत कागदावर निब अडकते.

पिग्मा मायक्रॉन या शाईपेनावरचा आकडा मिलिमीटरचा नाही. ०१ म्हणजे ०.२५ मिलिमीटर, ०५ म्हणजे ०.४५, ०८ म्हणजे ०.५०. चेहऱ्याला ०१, कपड्याला ०३, चौकटीला ०८ पुरतं. मोठा अंधार पेनाने भरू नका, रेघा दिसतात आणि पेनं संपतात. तिथे पेन्सिलने फुली मारून ठेवा आणि स्कॅननंतर संगणकावर भरा, किंवा ब्रशने वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक लावा.

उन्हाळ्यात कूलरच्या झोतात बसून शाईकाम करू नका. कागद सादळतो, कडा वळतात, रेघ पसरते. कूलर पाठीमागे ठेवा. कूलर नसला तर उलटी अडचण: कोरड्या हवेत डिप निब दोन मिनिटांत सुकते आणि तळव्याच्या घामाने पेन्सिल पुसली जाते. हाताखाली टिपकागद, शेजारी ओलं फडकं. पानाला पेन्सिल आणि शाई मिळून सहा तास, अक्षरांना एक तास धरा. ४८ पानांचे साडेतीनशे तास होतात. रोज दोन तास बसलात तर सहा महिने.

स्कॅन ते छापखाना

मोबाइलने फोटो काढून चालत नाही, कडा वाकतात. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे सपाट स्कॅनर असतो. त्यावर ६०० डीपीआय, ग्रेस्केल, टिफ किंवा पीएनजीमध्ये स्कॅन करा. जेपेगमध्ये रेघेभोवती धूळ येते. फाइली व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, पेनड्राइव्ह न्या.

लालची पानं दोन फाइलींत द्या, काळ्याची वेगळी, लालची वेगळी, दोन्हींच्या कोपऱ्यात एकाच जागी जुळणीची खूण. काळी रेघ लालवर छापली जाईल असं सांगा. लालमध्ये रेघेच्या आकाराची पांढरी जागा सोडली तर कागद केसभर सरकताच पांढरी किनार दिसते.

आतला कागद ९० ते १०० जीएसएम मॅपलिथो (पुस्तकांचा साधा, बिनचकाकीचा कागद). ७० वर अंधार पलीकडे दिसतो. मॅपलिथो शाई पितो, त्यामुळे एकाच काळ्याचा मोठा भाग थोडा राखाडी आणि डागाळ उतरतो. शाई वाढवायला सांगितली तर ती वाळत नाही आणि थप्पीतल्या वरच्या कागदाच्या पाठीला लागते. म्हणून मोठ्या काळ्यात मुद्दाम काहीतरी सोडावं: पऱ्हाटीच्या पानांच्या कडा, तारेची एक रेघ, चांदण्या. डोळा तिथे जातो आणि डाग झाकतात. मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्डवर चार रंगांत. तिथे अंधारात काळ्यासोबत थोडा निळा टाकला की तो खोल दिसतो, पण अक्षरं निव्वळ काळ्यातच ठेवा.

छापखान्यात अजूनही जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट चालतात. तुमची युनिकोड अक्षरं त्यांच्या मशीनवर फुटतात. अक्षरांचं आउटलाइन करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्र बनवूनच पीडीएफ द्या, आणि टाइप केलेली मूळ फाइल जपून ठेवा, कारण आउटलाइन झालेल्या अक्षरात शुद्धलेखन सुधारता येत नाही. दोन-तीनशे प्रती हव्या असतील तर डिजिटलचा भाव विचारा. हजाराच्या पुढे ऑफसेट परवडतं, कारण प्लेटचा खर्च वाटला जातो. डिजिटलवर लाल आहे म्हटलं की ते पान चार रंगांच्या दराने मोजलं जातं, म्हणजे फॉर्मचं गणित तिथे लागू नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, अर्ज ऑनलाइन. तो क्रमांक मुखपृष्ठ छापायला जाण्याआधी हातात हवा, तेव्हा हा अर्ज शाईकाम चालू असतानाच टाका. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, छपाईच्या हिशेबात त्या धरा.

सगळी छपाई सुरू करण्याआधी एक कोरी प्रत मागा, त्याच कागदाची, त्याच पिनेची. १२ कागद एकात एक घडी घातल्यावर आतली पानं मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर बाहेर येतात आणि कटिंगला तेवढी कापली जातात. म्हणजे लालची पानंच सगळ्यात जास्त कापली जाणार. १७ ते ३२ मध्ये पान क्रमांक आणि बाहेरच्या कडेचे फुगे दोन मिलिमीटर आत घ्या, आणि २४-२५ या जोडपानाच्या मधोमध दलालाचा चेहरा ठेवला असेल तर त्याच्या नाकातून पिन जाते की नाही ते कोऱ्या प्रतीवर पेन्सिलने काढून बघा.